सांगली-मिरजेच्या आसपास स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबांसाठी स्वमदत गट आहे का?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझा धाकटा भाऊ एकोणतीस वर्षांचा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असताना त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले. मिरजेतील एका मनोविकारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत, गोळ्या चुकत नाहीत, कानात येणारे आवाज जवळजवळ थांबले आहेत आणि शेजारचे लोक आपल्यावर पाळत ठेवतात हा संशयही पूर्वीसारखा राहिलेला नाही. तरीही तो घराबाहेर पडत नाही. सकाळी उठवण्यापासून आंघोळीपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी त्याच्या मागे लागावे लागते, मित्र तुटले आहेत, आणि ‘आळशी झालाय, कामाला लावा म्हणजे सुधारेल’ हे नातेवाइकांचे पालुपद ऐकून ऐकून आईने लग्नकार्याला जाणेही सोडले आहे.

डॉक्टरांविषयी आमची काहीही तक्रार नाही. मात्र बाहेर इतके रुग्ण खोळंबलेले असतात की आमच्या वाट्याला येणाऱ्या थोड्या मिनिटांत झोप, भूक आणि गोळ्यांचे प्रमाण एवढेच बोलून होते. आईला विचारायचे असते ते निराळेच. तो जेवता जेवता ताटावरून उठून गेला तर मागोमाग जावे की जाऊ नये? पाहुण्यांसमोर स्वतःशी पुटपुटू लागला तर त्याला गप्प करावे का? आणि आम्ही दोघे गेल्यावर याचे कोण करणार? हे प्रश्न ज्यांच्या घरात रोज पडतात अशा माणसांशी बोलता आले तर ती थोडी सावरेल असे मला वाटते. पुण्या-मुंबईला असे गट चालतात हे ऐकून आहे, परंतु सत्तरी गाठलेल्या आईवडिलांना दर महिन्याला तिकडे नेणे आम्हाला झेपणारे नाही.

म्हणून जाणकारांना विचारते. सांगली, मिरज किंवा कोल्हापूर परिसरात असा गट शोधायचा तर सुरुवात कोठून करावी? भाऊ यायला तयार नसेल तर केवळ घरच्यांनी जाण्यात अर्थ आहे का? आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे आणि गावात कोणाचे काही लपून राहत नाही. गटात बोललेले बाहेर जाणार नाही याची हमी कोण देणार, असे वडील विचारतात, आणि त्यांची काळजी मला अवाजवी वाटत नाही.


ठाण्याहून एक आई

ताई, तुमच्या आईला पडलेले तिन्ही प्रश्न आमच्या गटात जवळजवळ प्रत्येक बैठकीला निघतात, हे त्यांना आधी सांगा. माझा मुलगा कॉलेजात असल्यापासून आजारी आहे. आम्ही ठाण्यात राहतो, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ येथेच असल्यामुळे मानसिक आजाराविषयी चारचौघांत बोलणारी माणसे आम्हाला इतरांपेक्षा लवकर भेटली. तुमच्याकडे तसे वातावरण नसेल, पण गटात प्रत्यक्ष काय होते हे कळले तर तो शोधण्याची धडपड करावी की नाही हे तुम्हाला ठरवता येईल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. (रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत या गटांमध्ये रुळली आहे, तेच शब्द मी वापरते.)

खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात. आलेल्याने आपले नाव सांगायचे. आडनावाची सक्ती नसते. बोलायचे नसेल तर नुसते ऐकत बसले तरी चालते, आणि अनेक जण पहिले काही महिने तेच करतात. एकदा नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी बराच वेळ घुटमळून विचारले, “रात्री तुम्ही घराच्या दाराला आतून कुलूप लावता का?” गोलातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी काही न बोलता हात वर केले. मुलगा रात्री निघून जाईल या धास्तीने ते कित्येक महिने किल्ली उशाखाली ठेवून झोपत होते, आणि पोटच्या पोराला आपण कोंडून ठेवतो आहोत हे त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितले नव्हते. मग पुढचा सगळा वेळ त्या कुलपावरच बोलणे झाले. घरात आग लागली तर किल्ली कोणाला सापडेल, मुलाला कुलपाचे कारण सांगितले आहे का, तो रात्री उठतो तेव्हा त्याला खरोखर बाहेर जायचे असते की नुसत्या येरझाऱ्या घालायच्या असतात, असे एकेक प्रश्न निघत गेले. एका बाईंनी सांगितले की त्यांनी कुलूप काढून दाराच्या कडीला घुंगरांची माळ बांधली. मुलगा दाराशी गेला की घरच्यांना जाग येते आणि त्यालाही कोंडल्यासारखे वाटत नाही. हा उपाय कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

ताटावरून उठून जाण्याविषयी आमच्यापैकी बहुतेकांचा अनुभव असा की लगेच मागे जाऊ नये. ताट झाकून ठेवावे, थोड्या वेळाने एकदाच आणि नेहमीच्या आवाजात ‘जेवण ठेवले आहे’ असे सांगावे, आणि त्यावर वाद घालू नये. पाहुण्यांसमोर पुटपुटू लागला तर सगळ्यांदेखत दटावण्याऐवजी ‘जरा पाणी आणतोस का’ असे सांगून त्याला उठण्याची संधी द्यावी. हे सगळ्यांना लागू पडेलच असे नाही. पण दहा घरांत काय करून पाहिले हे ऐकले की आपल्या घरात काय चालेल याचा अंदाज येतो.

नातेवाइकांच्या ‘आळशी’ या शब्दाविषयी मात्र ठामपणे सांगते. पडून राहणे, आंघोळ टाळणे, बोलणे कमी होणे, कशातच रस न वाटणे ही या आजाराचीच लक्षणे आहेत. डॉक्टर त्यांना निगेटिव्ह लक्षणे म्हणतात. आवाज आणि संशय औषधांनी आटोक्यात येतात, ही लक्षणे मात्र औषधांना तितकीशी दाद देत नाहीत. म्हणून गोळ्या चालू असूनही भाऊ पडून राहतो यात त्याचा दोष नाही आणि तुमच्या आईचाही नाही. हे मला डॉक्टरांनीही सांगितले होते, पण पटले ते दुसऱ्या एका आईने तिच्या मुलाविषयी सांगितले तेव्हा.

भाऊ येत नसेल तर तुम्ही तिघे जा. आमच्या गटातले बरेचसे शुभार्थी आधी घरी बसून होते आणि घरच्यांमध्ये फरक पडलेला पाहिल्यावर कधीतरी डोकावून गेले. काही आजही येत नाहीत, तरी त्यांच्या आईवडिलांचे येणे वाया गेलेले नाही.


वाटाड्या

मी विदर्भातील एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजकार्यकर्ता म्हणून काम केले असून आता निवृत्त झालो आहे. गट शोधण्याविषयी मला जे महत्त्वाचे वाटते ते आधी सांगतो: लहान शहरातला गट पत्त्यावरून सापडत नाही, माणसांमार्फत सापडतो. असे गट चार-दोन कुटुंबांच्या उमेदीवर चालतात, जागा बदलतात, कधी वर्षभर थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. मोबाइलवर सापडलेल्या जुन्या पत्त्यावर जाऊन बंद दार पाहिले की कुटुंबे पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. म्हणून विचारणा करायची ती ज्यांच्याकडे अशी कुटुंबे रोज येतात त्यांच्याकडे.

तुमच्यासाठी सर्वांत जवळचा माणूस म्हणजे तुमचेच डॉक्टर. त्यांच्यानंतर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार विभाग. तेथे गेल्यावर ओपीडीच्या रांगेत उभे राहण्याऐवजी विभागात सायकिॲट्रिक सोशल वर्कर कोण आहेत याची चौकशी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून राबवला जातो आणि त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञांबरोबर मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता व परिचारिका यांची पदे असतात. तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे घेणारी हीच मंडळी असल्यामुळे तासगाव, विटा, जत भागातील कुटुंबे त्यांना ठाऊक असतात. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातही अशीच चौकशी करता येईल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येते. त्याचा उपयोग केवळ संकटाच्या वेळी होतो असे लोक समजतात, पण जवळची सरकारी सेवा कोठे आहे हे विचारण्यासाठी आणि आईला एखाद्या अवघड रात्री कोणाशी तरी बोलण्यासाठीही तो आहे.

प्रश्न कसा विचारायचा यालाही महत्त्व आहे. ‘गट आहे का?’ असे विचारले तर ‘नाही’ हे उत्तर येते आणि विषय संपतो. ‘तुमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांची नावे द्या’ असे म्हटले तर कोणताही जबाबदार डॉक्टर नकार देईल, आणि तो दिलाच पाहिजे, कारण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातील कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्याऐवजी आपला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी डॉक्टरांकडे ठेवा आणि सांगा, ‘आमच्यासारख्याच एखाद्या कुटुंबाला बोलावेसे वाटले तर त्यांना हा क्रमांक द्या.’ यात कोणाचेही गुपित फुटत नाही आणि फोन करायचा की नाही हे समोरचे कुटुंब ठरवते. माझ्या नोकरीच्या काळात जे गट टिकले ते बहुतेक असेच जमले. तीन कुटुंबे मिळाली की गट झाला असे समजा. वीस जणांची वाट पाहू नका.

घरच्यांनी एकट्याने जाण्याविषयी ठाण्याच्या ताईंनी लिहिलेच आहे, मी त्यामागचे कारण सांगतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होते, राग राग केला जातो किंवा त्याच्या प्रत्येक हालचालीत अतोनात गुंतून राहिले जाते, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक असते. याचा अर्थ आजार घरच्यांमुळे होतो असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की घरच्यांना आजार समजला आणि त्यांच्या डोक्यावरचा ताण उतरला तर त्याचा फायदा थेट रुग्णाला होतो. आपल्या देशात ही जाण नवीन नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी त्याच दशकात नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिले होते आणि सगळ्या कुटुंबांना एकत्र बसवून ते आजाराविषयी बोलत असत.

आता आपल्या वडिलांच्या काळजीविषयी. कायदा डॉक्टरांना आणि रुग्णालयांना बांधतो, गटात शेजारी बसलेल्या माणसाला बांधत नाही. म्हणून हमी कोणीही देऊ शकणार नाही हे वडिलांना स्पष्ट सांगणेच योग्य. पण काळजी घेता येते. आडनाव आणि गाव सांगू नये, फोटो काढू नयेत, सुरुवातीला व्हॉट्सॲपचा गट करू नये, कारण तेथे प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो. अनेक कुटुंबे मुद्दाम शेजारच्या शहरातल्या बैठकीला जातात. सांगलीची माणसे कोल्हापूरला गेली तर प्रवास तास-दीड तासाचा होतो, पण ओळखीचे कोणी भेटण्याची धास्ती बरीच कमी होते. आणि हेही लक्षात घ्या की समोर बसलेल्याच्या घरातही तेच आहे. त्यालाही मुलीचे लग्न करायचे असते.


नदीपलीकडे

मला स्वतःला स्किझोफ्रेनिया आहे. मी पुण्यात राहतो, अर्धवेळ नोकरी करतो आणि शुभार्थींच्या गटात जातो. वर सगळे शुभंकरांच्या बाजूने लिहिले गेले आहे, म्हणून तुमच्या भावाच्या बाजूने थोडे लिहितो.

तुम्ही गटाला जाणार असाल तर ते त्याच्यापासून लपवू नका. ज्या माणसाला आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवते असे वाटत आले आहे, त्याच्या पाठीमागे घरचे त्याच्याविषयी अनोळखी लोकांशी बोलतात हे त्याला उद्या दुसऱ्याकडून कळले तर पुन्हा विश्वास बसायला फार वेळ लागेल. त्याला इतकेच सांगा की आम्हाला आमच्यासाठी जायचे आहे, आम्हालाही कळत नाही काय करावे ते. काय सांगितलेले चालेल आणि काय नाही हेही त्याला विचारा. माझ्या आईने मला हे विचारले होते आणि मी सांगितलेली एक गोष्ट तिने आजवर गटात काढलेली नाही.

त्याला ‘गटाला चल’ म्हणून ओढत नेऊ नका. वीस अनोळखी माणसे, सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे, आणि आईवडील आपल्याविषयी बोलताहेत हे आपल्यापैकी कोणालाही सोसवणार नाही. शुभार्थींचा गट वेगळा असतो आणि तेथील बोलणेही वेगळे असते. मला अजूनही कधीकधी आवाज येतात. बसमध्ये आवाज सुरू झाले की पूर्वी मी मध्येच उतरून जात असे. गटातल्या एकाने सांगितले, ‘फोन कानाला लाव आणि त्यांना सांग, आता मी कामात आहे, रात्री आठला बोलू.’ आजूबाजूच्या लोकांना वाटते हा फोनवर बोलतो आहे. मी ते करून पाहिले आणि आता मी शेवटच्या थांब्यापर्यंत जातो. हे मला डॉक्टर सांगू शकले असते की नाही ठाऊक नाही, पण सांगणारा स्वतः त्यातून गेलेला होता म्हणून मी ऐकले.

सकाळी न उठण्याबाबत एक शक्यता तपासून पाहा. रात्रीच्या गोळीची गुंगी काहींना दुपारपर्यंत राहते. गोळीची वेळ थोडी अलीकडे घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बदल करू नका.

पुण्यात धायरी येथे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे. कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी ती १९९७ साली स्थापन केली. त्यांच्या पत्नीला हा आजार होता, त्यामुळे घरातल्यांची ओढाताण त्यांनी स्वतः अनुभवली होती. एकलव्य फाउंडेशन फॉर मेंटल हेल्थ ही संस्थाही स्वमदत गटांचे काम करते. दर महिन्याला पुण्याला येऊ नका, पण एकदा फोन करून सांगली-कोल्हापूरकडची कुटुंबे त्यांच्या संपर्कात आहेत का आणि मोबाइलवरून होणाऱ्या बैठकीला बसता येईल का हे जरूर विचारा. करोनाच्या काळात अनेक गट ऑनलाइन गेले आणि दूरच्या गावातल्यांची त्यामुळे सोय झाली. माझे मत विचाराल तर ऑनलाइन बैठक काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ चांगली, पण तुमच्या आईला घरातूनच, भावाच्या खोलीशेजारी बसून मोकळेपणाने बोलता येणार नाही. तिला घराबाहेर पडण्याची गरज आहे.


मांजराकाठ

सर्वांनी गटांचे फायदे सांगितले आहेत आणि ते खरेच आहेत. मला सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. माझ्या मुलीला बायपोलर आजार आहे आणि लिथियमच्या गोळ्यांवर ती व्यवस्थित होती. ठरलेल्या वेळी रक्त तपासायचे, शाळेत शिकवायला जायचे, असे सुरळीत चालले होते. मोबाइलवरच्या एका मदतगटात कोणीतरी तिला सांगितले की या गोळ्यांनी मूत्रपिंड निकामी होते, त्यापेक्षा अमुक चूर्ण घे. तिने आम्हाला न सांगता गोळ्या बंद केल्या. काही आठवड्यांतच तिची झोप उडाली, बोलणे थांबेना, पैसे उधळणे सुरू झाले आणि शेवटी रुग्णालयात दाखल करावे लागले. ज्याने सल्ला दिला तो माणूस त्या चूर्णाचा विक्रेता निघाला. लिथियमचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो हे खरे आहे आणि म्हणूनच रक्ताच्या तपासण्या असतात. तो प्रश्न डॉक्टरांना विचारायचा होता.

त्यामुळे कोणताही गट पाहताना माझी पहिली चौकशी हीच असते की येथे औषध बदलण्याचे किंवा बंद करण्याचे सल्ले दिले जातात का, आणि कोणी तसा सल्ला दिला तर त्याला तेथल्या तेथे थांबवणारे कोणी आहे का. गोळीने वजन वाढले, हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते हे अनुभव सांगायला हरकत नाही; त्यातून डॉक्टरांना काय विचारायचे ते कळते. ‘माझ्या मुलाला ही गोळी लागू पडली, तुम्हीही घ्या’ हे मात्र चालता कामा नये. पैशांचीही चौकशी करा. जागेसाठी, चहासाठी वर्गणी काढणे समजू शकते, पण काही विकले जात असेल, एखाद्या बाबा-महाराजांच्या सत्संगाची जोड दिली जात असेल किंवा ‘आजार मुळापासून घालवू’ असे आश्वासन मिळत असेल तर दुसऱ्यांदा जाऊ नका.

गटातले कोणी जीव देण्याचे बोलले तर काय करायचे, हे आधी ठरलेले नसते तेथेही मी थांबत नाही. त्या माणसाला एकटे न सोडता घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवणे ही गुप्ततेच्या नियमाची सर्वमान्य मर्यादा आहे आणि ती सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगितलेली असली पाहिजे.


मांडवी

मी गोव्यातील फोंड्याहून लिहिते. आमच्याकडे बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिॲट्री अँड ह्युमन बिहेव्हियरमध्ये बहिणीचे उपचार चालतात. वाटाड्या यांनी सांगितलेली चिठ्ठीची युक्ती आम्ही जवळजवळ तशीच केली होती. ओपीडीत वारंवार भेटणाऱ्या दोन कुटुंबांशी ओळख झाली आणि आता आम्ही पाळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतो. गट म्हणावा असे त्याला नाव नाही, पण बहिणीला ताप आला तेव्हा मी नोकरीवर जाऊ शकले, कारण त्यांच्यापैकी एक काकी तिच्याजवळ येऊन बसल्या. नातेवाइकांपैकी कोणी आले नसते.


वाटाड्या

मांजराकाठ यांनी लिहिलेले शब्दन् शब्द खरे आहे. ‘आमच्यानंतर कोण’ या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून पुन्हा लिहितो, कारण गटांमध्ये सर्वाधिक उपयोगाची देवाणघेवाण याच विषयावर होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातील एकवीस प्रकारांत मानसिक आजाराचा समावेश आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की अनेक योजनांची दारे उघडतात. तपासणी ज्या मापनपद्धतीने होते तीत स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, बोलणे-समजणे आणि काम या चार बाबी पाहतात आणि आजार किती काळ आहे तेही मोजतात. होते असे की त्या दिवशी घरचे मुलाला आंघोळ घालून, इस्त्रीचा सदरा घालून नेतात, आई ‘तसा शहाणा आहे हो’ म्हणते आणि प्रमाण कमी येते. ज्यांनी हे काम आधी केले आहे असे पालक सांगतात की महिनाभर साधी नोंदवही ठेवा: किती दिवस आंघोळ केली, कितींदा बाहेर पडला, पैशांचा हिशेब जमतो का. ती वही आणि जुन्या केसपेपरांच्या प्रती सोबत न्या.

वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झाले असतील तर आणखी एक गोष्ट तातडीने पाहा. उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते, परंतु त्याचे नाव आणि कागदपत्रे वडिलांच्या हयातीतच कार्यालयात नोंदवून ठेवणे फार सोयीचे जाते. पालकत्वाबाबत बरेच जण फसगत करून घेतात. कायदेशीर पालक नेमण्याची सोय असलेला १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध दिव्यांगत्व यांच्यासाठी आहे. मनोविकार त्यात येत नाहीत. तुमच्या भावासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांचे निर्णय घेताना त्याला आधार देणारी व्यक्ती) नेमता येतो, आणि तो सध्या बरा असल्यामुळे पुढे आजार बळावल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत हे तो स्वतः आगाऊ लिहून ठेवू शकतो. हे त्याच्याशी बसून करण्याचे काम आहे. त्याचे मत विचारले जाते आहे हे त्यालाही जाणवेल.


कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आईला मी हे सगळे वाचून दाखवले. घुंगरांच्या माळेचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला.

नदीपलीकडे यांनी सांगितल्याप्रमाणे भावाशी आधी बोलले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “जा, पण कॉलेजात काय झालं ते सांगायचं नाही.” ते आम्ही कबूल केले आहे. सकाळच्या गुंगीविषयी डॉक्टरांना विचारले असता त्यांनी रात्रीच्या गोळीची वेळ बदलून दिली असून काही आठवडे पाहायला सांगितले आहे. माझ्या क्रमांकाची चिठ्ठी त्यांनी आनंदाने ठेवून घेतली आणि तासगाव भागातून एका बाईंचा फोनही आला. त्यांचा मुलगा भावापेक्षा थोडा मोठा आहे. त्या आणखी एका कुटुंबाला ओळखतात. वडिलांनी होकार दिला आहे, मात्र बैठक कोणाच्याही घरी नको आणि फोटो नकोत या अटींवर. मिरजेत ओळखीच्या एका वाचनालयाची खोली रविवारी दुपारी मिळू शकते.

आता पहिल्याच बैठकीत नेमके काय करावे, हे कोणी सांगेल का? तज्ज्ञ व्यक्तीला बोलवावे की आम्हीच बसावे?


वाटाड्या

पहिल्या दोन बैठका तुम्हीच बसा. तज्ज्ञ आले की सगळे त्यांनाच प्रश्न विचारू लागतात आणि एकमेकांशी बोलणे राहून जाते. तिसऱ्या-चौथ्या वेळी समाजकार्यकर्त्याला किंवा डॉक्टरांना एका ठरावीक विषयावर तासभर बोलवा. वेळ दीड तासाची ठेवा आणि ती पाळा, कारण घरी कोणीतरी वाट पाहत असते. सुरुवातीला मांजराकाठ यांनी सांगितलेले नियम एका कागदावर लिहून मोठ्याने वाचा: येथले बोलणे येथेच राहील, औषधांचा सल्ला कोणी कोणाला देणार नाही, जिवाला धोका दिसला तर मात्र घरच्यांना व डॉक्टरांना कळवले जाईल. मग प्रत्येकाला सारखा वेळ द्या. एकाच कुटुंबाची कहाणी सगळा वेळ खाऊन टाकते असे नेहमी होते, तेव्हा घड्याळ पाहण्याचे काम तुमच्या वडिलांकडे द्या. उठण्यापूर्वी पुढची तारीख ठरवा, आणि त्या दिवशी दोनच माणसे आली तरी बैठक रद्द करू नका. वाचनालयाच्या खोलीला दार लावून घेता येते का आणि बाहेर बसणाऱ्यांना आतले ऐकू जाते का, हे रविवारच्या आधी एकदा जाऊन पाहून या.